अर्ध्या मनोऱ्याचा इतिहास

याकोबमामांना आमच्या कॅथेड्रलचा इतिहास विचारला, की ते आधी तुमचं गाव विचारत. गाव कळल्याशिवाय इतिहास सुरूच होत नसे.

पाव्हणा देवणीचा निघाला, तर भिंतीचे काळे दगड देवणी बैलांनीच ओढलेले असत. धर्माबादचा असला, तर चुन्यात कालवलेला गूळ तिकडूनच आलेला असे. मी नांदेडहून मास्तर म्हणून आलो, तेव्हा मामांनी माझा हात धरून भिंतीवर टेकवला. "लावा हात, गुरुजी. तुमचाच दगुड हाय. तुमच्या आज्यानं डोक्यावर आणला." माझे आजोबा कारकून. पाण्याचा तांब्यादेखील त्यांना दुसऱ्यानं भरून द्यावा लागे. तरी, खोटं कशाला सांगू, त्या दगडावरून मी दोनदा हात फिरवला.

मामा तिथले राखणदार, झाडलोट करणारे आणि घंटा वाजवणारे. आत बिशपसाहेबांची खुर्ची ठेवलेली होती, म्हणून ते कॅथेड्रल. नाहीतर गाव ते केवढं, एसटीसुद्धा नाइलाजानं थांबायची. बिशप त्या खुर्चीत बसलेले कुणी पाहिले नव्हते. मामा मात्र ती रोज पुसत.

मनोरा अर्धाच होता. त्याचं कारण मामा सगळ्यांना एकच सांगत. जुन्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधकाम काढलं. मजूर रोज सकाळी देवाकडे पाऊस मागत आणि मग दगड उचलत. एक दिवस धो धो कोसळला, तशी सगळी माणसं थापी-घमेली टाकून पेरणीला पळाली. "देवानं ऐकलं, त्याची निशाणी हाय ही," मामा सांगत. "मनोरा पुरा झाला असता, तर समजा ऐकलंच न्हाई." या एका गोष्टीपायी जाणारा-येणारा कुठल्याही धर्माचा असो, त्या थोट्या मनोऱ्याला हात जोडूनच पुढे जाई.

लातूर जिल्हा नवा झाला. पाट्या नव्या लागल्या, साहेब नवे आले, पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिला असावा. गावातल्या विहिरी आटल्या. पाणी उरलं ते कॅथेड्रलच्या विहिरीत. तरुण पाळकसाहेब नुकतेच आले होते. त्यांनी घाबरून फाटकाला कुलूप घातलं. पाणी चर्चच्या सभासदांपुरतंच, असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी फाटकापुढे घागरींची ही रांग, आणि प्रत्येक घागरीमागे एक पूर्वज.

"माझ्या आज्यानं पाया खंदला."

"आमच्या बैलानं दगुड वढला. त्याला तरी पाजा."

पाळकसाहेबांनी मामांना पुढे बोलावलं. "हे सगळं खोटं आहे, असं आत्ता यांच्यासमोर सांगा. नाहीतर घंटेची दोरी दुसऱ्याच्या हातात देतो."

मामांनी टोपी काढली. "साहेब, कोण व्हतं अन् कोण नव्हतं, मला काय ठावं? काम समद्या मुलखाचं व्हतं."

"मग तुमच्या वडिलांनी काय केलं, तेही सांगा की."

इतिहास सांगताना मामा कधी अडले नव्हते. आज अडले. "पाऊस आला अन् समदे पळाले," ते म्हणाले. "त्या गडबडीत एक लेकरू हितंच राह्यलं. त्यो मी. न्याया कुणी आलं न्हाई."

मी हातातली घागर खाली ठेवली. पाळकसाहेब जमिनीकडे बघू लागले.

रांगेत पहिली होती सोजरआक्का. गावातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तोंडाळ. "आला न्हाई कसा?" ती खेकसली. "तुला सावलीत निजवून बियाणं बघाया गेल्ता तुझा बाप. माघारी येताना वढ्याला पूर. वाहून गेला बिचारा. माझी माय सांगायची."

आक्काचं माहेर पार बिदरपलीकडे. तिच्या आईनं हे गाव डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. साऱ्या रांगेला ते ठाऊक होतं. कुणी ब्र काढला नाही. पाळकसाहेबांनी खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं आणि घागरी आत गेल्या.

मामा तिथेच उभे. "आक्का, नाव काय व्हतं त्याचं?"

आक्कानं इतका पुढचा विचार केला नव्हता. डोक्यावरची चुंबळ सारखी करत ती म्हणाली, "मारुती."

"मारुती," मामा म्हणाले. पुन्हा एकदा, हळू, म्हणाले. मग जेमतेम पाच फुटांच्या याकोबमामांनी विचारलं, "लई उंच व्हता का?"

"हाव," आक्का म्हणाली. "तुझ्यावानीच."