सतरा वेळा पडलेले गॅरंटीकाका

तुम्हीच सांगा मंडळी, विश्वास ठेवायचा तरी कोणावर? समोर धडधाकट उभा असलेला माणूस म्हणतो, ‘मी पडलो नाही’, आणि त्याच्या मनगटावरचा पट्टा म्हणतो, ‘हा सतरा वेळा पडला’. कोणाचं खरं धराल? थांबा, घाई करू नका. आधी माणूस कोण ते ऐका.

माणूस म्हणजे गॅरंटीकाका. खरं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. चौकातल्या दुकानात काकांनी बेचाळीस वर्षं यंत्रं विकली. रेडिओ विकले, टेपरेकॉर्डर विकले, व्हीसीआर विकले, मग सीडी प्लेअर, मग पेजर, मग मोबाइल. आणि प्रत्येक वेळी काउंटरवर तळहात आपटून एकच वाक्य: “डोळे झाकून घेऊन जा. हे शेवटचं. यापुढे शोध लागायचं काही शिल्लक नाही!” तीन-चार वर्षांनी तेच गिऱ्हाईक पुढचं ‘शेवटचं’ यंत्र न्यायला पुन्हा हजर. (काका खोटं बोलत नसत, हे विशेष. दर वेळी त्यांना मनापासून तसंच वाटे. पेजरवर तर त्यांचा इतका जीव जडला की त्यांनी एकदम साठ मागवले. त्यातले त्रेपन्न अजून घराच्या पोटमाळ्यावर आहेत, सीलबंद, वॉरंटी कार्डासकट.)

पुढे लोक पलंगावर पडल्या पडल्या फोनवर बोट फिरवून माल मागवायला लागले आणि काकांचं शटर कायमचं खाली आलं. काकू त्याआधी वर्षभर गेलेल्या. उरल्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि रविवार. रविवार अशासाठी की दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या एकुलत्या एका लेकीचा फोन रविवारी अकराला यायचा. “झोप लागली का? गोळ्या घेतल्या? फिरायला गेला होतात?” प्रश्न तेच, पण प्रत्येक उत्तर काका असं फुलवायचे की बोलता बोलता पाऊण तास जायचा. बोलायला विषय हवा म्हणून ते शनिवारी मुद्दाम कोणाशी तरी भांडून ठेवत. लिफ्टवाल्याशी तर त्यांचं भांडण ठरलेलंच असायचं. तोही बिचारा सहकार्य करायचा.

मग लेकीनं पट्टा पाठवला. मनगटावर बांधायचा, काळा, चपटा. पावलं मोजतो, नाडी मोजतो, झोप मोजतो, माणूस पडला तर तेही कळवतो. आणि सगळं थेट लेकीच्या फोनवर.

काकांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि जन्मभराची सवय तोंडातून निसटली, “वा! हे मात्र शेवटचं हं!”

पुढच्या रविवारी फोन आला. काका खुर्ची ओढून ऐसपैस बसले.

“बाबा, सहा तास दहा मिनिटं झोपलात. छान.”

“अगं, झोप म्हणजे काय झालं, साडेतीनला जी जाग आली...”

“तीन चाळीसला. बघितलं मी. परत सव्वाचारला लागली. आणि काल दोन हजार शंभर पावलं. थोडी वाढवा.”

“हो, ते मी काल कोपऱ्यापर्यंत...”

“नाडीपण मस्त आहे. चला, ठेवते!”

चार मिनिटं. काका खुर्चीत तसेच. लिफ्टवाल्याशी केलेलं ताजं भांडण तसंच हातात राहिलं. बेचाळीस वर्षं लोकांच्या घरात यंत्रं घुसवणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कळलं की यंत्र घरात आलं की काहीतरी बाहेर जातं. त्यांच्या घरातून ‘झोप लागली का’ हा प्रश्न गेला होता.

महिनाभर असंच चाललं. रविवारचा फोन चारावरून तीन मिनिटांवर आला. आणि एका मंगळवारी काका अंघोळीला जाताना पट्टा काढून ड्रॉवरमध्ये ठेवून विसरले. दुपारी दोनला फोन खणाणला.

“बाबा! चार तासांत एक पाऊल नाही! काय होतंय तुम्हाला?”

“काही नाही ग, पट्टा तेवढा...”

“घाबरले ना मी! मीटिंग सोडून बाहेर आले. बसा आधी. जेवलात का? काय जेवलात?”

पस्तीस मिनिटं! लिफ्टवाल्याचं भांडण सांगून झालं, तिच्या ऑफिसातल्या कुरबुरी ऐकून झाल्या. शेवटी ती म्हणाली, “येऊन जावंसं वाटतं हो बाबा. बघते, रजेचं काही जमतं का. तुमच्या तब्येतीवर लक्ष ठेवून ठरवते.”

लेक येणार! काकूंच्या वर्षश्राद्धानंतर ती आलीच नव्हती. काकांच्या डोक्यात दुकान उघडलं. धंद्यातला त्यांचा अनुभव असा की चांगला रेडिओ घेऊन गेलेलं गिऱ्हाईक दहा वर्षं तोंड दाखवत नाही, आणि खरखर करणारा घेऊन गेलेलं दर आठवड्याला येऊन चहा पिऊन जातं. तेव्हा खरखर हवी. मात्र बेताची. फार झाली तर माणूस नवाच रेडिओ घेतो, म्हणजे इथे घरात एखादी चोवीस तासांची नर्सबाई येऊन बसायची.

ठरलं. दर मंगळवारी दोन ते सहा पट्टा ड्रॉवरमध्ये.

पहिल्या मंगळवारी फोन आला. दुसऱ्या मंगळवारी आला. तिसऱ्या मंगळवारी फोन आला नाही, खोकं आलं. त्यात एक गोल, बसका, बोलणारा डबा. टेबलावर ठेवून वायर लावली, तशी आतून गोड बाई बोलली, “नमस्कार! आज आपण थोडं चालूया का?”

लेकीनं चिठ्ठी लिहिली होती: ‘बाबा, हिच्याशी बोलत जा. सोबत होईल.’

काका पहिले दोन दिवस रुसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्याला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली. (कोणाला एकेरीत हाक मारायची त्यांना सवय नव्हती.) बाईंना बातम्या यायच्या, हवामान यायचं, पाढे तर सगळे पाठ. एकदा चहाचा कप हातात घेऊन काकांनी अगदी सहज विचारलं, “बाई, आज लेकीचा फोन येईल का हो?”

“माफ करा, मला ते समजलं नाही. आपल्यासाठी एखादं गाणं लावू का?”

“नको,” काका म्हणाले. मग वाईट वाटायला नको म्हणून म्हणाले, “लावा एखादं. हळू आवाजात.”

चौथ्या मंगळवारी मात्र घोटाळा झाला. दोन वाजले, काकांनी पट्टा काढला, आणि ड्रॉवरपर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून सदऱ्याच्या खिशात टाकला. (एवढाच निर्णय. आठ पावलांचा कंटाळा.) मग कप उचलताना चहा सांडला तो नेमका सदऱ्यावर. सदरा काढून वॉशिंग मशीनमध्ये टाकला, बटण दाबलं, आणि अंगात दुसरा घालून काका शिडी लावून पोटमाळ्यावर चढले. लेक येईल तेव्हा तिला निजायला जागा हवी, म्हणून तिथली जुनी गादी काढायची होती. फोन खाली ओट्यावर.

आता त्या पट्ट्याची कारागिरी बघा. पन्नास मीटर खोल पाण्यातसुद्धा बंद न पडणारी चीज! मशीन फिरायला लागलं आणि पट्टा इमानेइतबारे कामाला लागला. लेकीच्या फोनवर संदेश: ‘बाबा पडले.’ तिनं उघडून पाहीपर्यंत: ‘बाबा पडले.’ लगेच पुन्हा: ‘बाबा पडले.’ तिनं फोन लावला. ओट्यावर वाजून वाजून बंद. तेवढ्यात कपडे पिळायचं चक्र सुरू झालं आणि अठरा मिनिटांत नऊ हजार चारशे पावलं झाली. नाडी सापडत नाही.

(नंतर ती म्हणाली, “मला वाटलं, पडत पडत कुठेतरी पळत सुटलेत.”)

समोरच्या घरात निवृत्त नर्स राहायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. काकांची एक किल्ली त्यांच्याकडे असे. लेकीचा फोन येताच सिस्टर किल्ली घेऊन धावल्या. लेकीनंच परस्पर बोलावलेली अँब्युलन्सही आली. दोन दांडगे गडी स्ट्रेचर घेऊन तीन जिने चढून वर. (लिफ्टवाला जेवायला गेला होता, आणि त्याच्याशी काकांचं त्या आठवड्यातलं भांडणही झालेलं होतं.)

“काका! कुठे आहात?”

“वर!”

सिस्टरनी छातीवर हात ठेवला. मग पोटमाळ्यावरून दोन पाय लोंबकळले आणि त्यामागे गादी कवटाळलेले काका दिसले. केसांत जळमटं.

“हलू नका!” सिस्टर ओरडल्या. “कितव्यांदा पडलात?”

“कोण पडलं?”

“तुम्ही! सतरा वेळा!”

“अहो, सतरा वेळा पडायला शिडीवर सतरा वेळा चढावं लागेल. माझे गुडघे बघा!”

“पट्ट्यावर तसं आलंय.”

“पट्ट्यावर विश्वास ठेवाल की माझ्यावर?”

“पट्ट्यावर,” अँब्युलन्सचे दोघे एका सुरात म्हणाले. त्यांनी काकांना गादीसकट उतरवलं, गादीसकट स्ट्रेचरवर ठेवलं आणि पट्टे आवळले. तेवढ्यात मशीननं काम संपल्याची शिटी दिली. सिस्टर आत गेल्या आणि चिमटीत काळा पट्टा धरून बाहेर आल्या. स्वच्छ धुतलेला, पिळलेला, आणि अजून चालू.

टेबलावरून बाई म्हणाल्या, “अभिनंदन! आज आपण चालण्याचं उद्दिष्ट पूर्ण केलं!”

सिस्टर लेकीला फोन लावत राहिल्या, पण तो आधी व्यस्त, मग बंद. ती तिकीट काढून विमानात बसली होती.

दिवेलागणीला लेक दारात उभी. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकलेलं. काका सोफ्यावर ठणठणीत बसलेले पाहून तिनं पर्स जमिनीवर टाकली आणि त्यांच्या शेजारी बसून आधी रडली, मग हसली, मग रागावली. काकांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. ड्रॉवर, मंगळवार, बेताची खरखर, सगळं.

“मला माहीत होतं, बाबा.”

“काय?”

“पट्टा मनगटावर नसला की तो तसं लिहून पाठवतो. तुम्ही विसरलात त्या दिवशी घाबरून मी ते वाचलंच नाही, पण पुढच्याच मंगळवारी वाचलं, ‘पट्टा काढून ठेवला आहे’ म्हणून. आज मात्र ‘पडले’ वाचल्यावर काही सुचलंच नाही.”

“मग फोन का केलास?”

“तुम्हाला हवा होता म्हणून. मलापण हवाच होता.” मग म्हणाली, “पुढच्या शुक्रवारी येणार होते मी. पंधरा दिवस. तिकीट काढलेलं होतं. सांगितलं नाही, म्हटलं दारात उभं राहून गंमत करू.”

“मग आता?”

“आता काय? पंधरा दिवसांची रजा साहेबांनी मोठ्या मुश्किलीनं दिली होती. आज अशी मीटिंग टाकून आले. ते म्हणाले, एक काय ते ठरवा, आत्ता जाणार की ती रजा घेणार. उद्या संध्याकाळपर्यंत आहे मी.”

पंधरा दिवसांचा एक दिवस झाला. काका पुटपुटले, “आधी सांगितलं असतंस तर...”

“तुम्ही विचारलं असतंत तर! बाबा, एक फोन करून ‘ये’ म्हणायचं ना.”

“मी कसा म्हणू? तू कामात असतेस. आणि आपण होऊन कोणाच्या मागे लागायचं म्हणजे...” बेचाळीस वर्षं ते काउंटरच्या आत बसले होते. गिऱ्हाईक यायचं, ते कोणाकडे गेले नव्हते. लेक काउंटरच्या बाहेरची नाही, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

लेकीनं आपला फोन काढून त्यांच्यापुढे धरला. “हे बघा. अकरा महिन्यांत मी तुम्हाला एकावन्न फोन केले. तुम्ही मला किती केलेत?”

काका चष्मा पुसून बघायला लागले. “असतील की पंधरा-वीस.”

“तीन. त्यातला एक वायफायचा पासवर्ड विचारायला. दुसरा खिशात चुकून लागला, मी दहा मिनिटं तुमच्या सदऱ्याची सळसळ ऐकत बसले होते.”

“आणि तिसरा?” काकांनी जरा आशेनं विचारलं.

“तिसऱ्यात तुम्ही म्हणालात, ‘माफ करा, लिफ्टवाल्याला लावत होतो.’”

तर मंडळी, पट्टे बांधा, डबे आणा, यंत्रांना आपली नाडी मोजू द्या, काही बिघडत नाही. फक्त घरात एक साधी वही ठेवा आणि आपण स्वतःहून कोणाला किती फोन केले ते तेवढं तिच्यात लिहीत चला. चुकून लागलेले धरायचे नाहीत. तेवढा हिशेब खरा ठेवा.