अक्रोडाचा मुरंबा आणि माझी दहा बोटं

रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये, असं आईनं शिकवलं होतं. मग ते दार परदेशी लोकांना राहण्याचं कार्ड देणाऱ्या कचेरीचं का असेना. एवढीच माझी चूक.

सतरा वर्षं झाली मला अल्बेनियातून इथे ग्रीसमध्ये, यानिनात येऊन. इथल्या तीन म्हाताऱ्या शेवटपर्यंत सांभाळल्या, तरी दर काही वर्षांनी मीच सिद्ध करायचं, की मी आहे! कराचा नंबर नऊ आकडी, विम्याचा अकरा आकडी. (वाचता येत नाही मला, पण दोन्ही झोपेतही म्हणून दाखवीन.) यंदा राहण्याचं कार्ड संपत आलेलं आणि ऑगस्टात तिकडे माझ्या गावी, कोर्चात लेकीच्या लेकीचं, बार्धाचं लग्न. कार्ड नसताना गेले तर सीमेवर परत आत कोण घेणार?

नव्या कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला आठ दिवस होते. म्हटलं, कचेरीच्या खिडकीवरच्या स्तमातियाबाईंना मुरंबा न्यावा. कोवळे हिरवे अक्रोड सोलायला बसले.

"आई, रबरी हातमोजे घाला. हात काळे होतील," सून दफीना म्हणाली.

"माझी आई घालायची का?"

"तुमच्या आईकडे कुणी ठसे मागितले नव्हते."

(तोंड बघा पोरीचं!)

मुरंबा उत्तम झाला. बोटं मात्र जळक्या लाकडासारखी. लिंबू चोळलं, राख चोळली. कातडं निघालं, काळं निघेना.

कचेरीत स्तमातियाबाईंनी स्वतःचा अंगठा टेकवून यंत्र जागं केलं. मी बोट ठेवलं. यंत्र नुसतं कुंईकुंई करतंय.

"आजी, तुम्हाला बोटंच नाहीत असं दाखवतंय हे."

"मग ही काय वांगी आहेत?"

"मला दिसतायत हो. यंत्राला दिसत नाहीत."

"तर चष्मा लावा त्याला! याच बोटांनी तुमच्या गावच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घातलं, तेव्हा कुणाला ठसे लागले नाहीत ते!"

रांग हसली. बाईंनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. "ही चुकली तर थेट सप्टेंबर. येताना बोटं घेऊन या."

मी बरणी खिडकीत आदळली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी बाईंचाच फोन. "आजी, बरणी संपलीसुद्धा! सासरी डोंगरात अजून कोवळे अक्रोड आहेत. कृती सांगा ना." राग कुठल्या कुठे पळाला. सोलणं, रोज पाणी बदलणं, चुन्याची निवळी, लवंग, सगळं सांगितलं.

"हातमोज्यांचंही सांगा," शेजारून दफीना.

सुनेसमोर? छे! "बाकी काही लागत नाही," मी फोनवर म्हटलं.

तीन आठवडे बोटं तान्ह्या बाळासारखी जपली. भांडी दफीनानं घासली. हात निघाले नवरीसारखे गुलाबी. खिडकीशी जाऊन दहाच्या दहा नाचवून दाखवली, तर यंत्र बंद! लोक खोळंबलेले. ते जागं करणारे दुसरे साहेब रजेवर.

स्तमातियाबाईंनी हळूच हात वर काढले. कोळसा!

"आजी, हातमोजे घालायचे असतात, हे का नाही सांगितलंत?"

मी तोंड उघडायच्या आत दफीना पुढे सरकली. "विचारा, विचारा. मलाही ऐकायचंय."

बार्धाच्या लग्नाचे फोटो काल आले. माझ्या खुर्चीवर दफीना बसलीय. हातात कोपरापर्यंत पांढरेशुभ्र हातमोजे!