वेताच्या खुर्चीत कोण बसलं?

"हे कसं केलंस रे?" हेस्टरबाईंनी विचारलं आणि बार्नबीने थाप मारली. सगळं तिथेच फिसकटलं.

बार्नबी सिनेमातले आवाज करायचा. पडद्यावर कुणी चाललं की इकडे हा जुने बूट घालून फरशीवर चालायचा. तिकडे हाड मोडलं की इकडे हा सेलरीच्या करकरीत देठांची जुडी पिळायचा. नाताळच्या संध्याकाळी टीव्हीवर जुन्या काळातली भुताची गोष्ट पाहिल्याशिवाय गावाला पुडिंग पचत नाही. यंदाची गोष्ट दिग्दर्शिका हेस्टरबाई करत होत्या. आवाज पसंत पडले तर दरवर्षीचं काम बार्नबीचं, नाहीतर परत बापाच्या दुकानात मासे साफ करायचे.

समुद्रकाठच्या एका बंद पडलेल्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्याशा चर्चमध्ये, काम चाललं होतं. मागच्या काचेच्या खोलीत हेस्टरबाई आणि ध्वनिमुद्रण करणारा ओवेन कानाला हेडफोन लावून बसलेले. प्रसंग साधा. शेकोटीपाशी एक विधुर एकटाच बसलाय, त्याच्या मागून पावलं येतात. बार्नबीने पावलं वाजवली. पण मुद्रणात पावलांनंतर आणखी काहीतरी होतं. कर्रर्र... वेताच्या खुर्चीत कुणीतरी दमून टेकल्यासारखं.

चॅपलमध्ये तेव्हा खुर्चीच नव्हती.

"सराव आहे बाई, दुसरं काय!" बार्नबी म्हणाला.

"झकास! मग अजून दोनदा हवाय. आधी लांबून, मग अगदी कानाशी."

झालं! बार्नबीने वेताची टोपली दाबली. कातडी पिशवीत अक्रोड भरून चोळले. शेवटी स्वतःचे गुडघे मोडून पाहिले.

"ही टोपली आहे," बाई म्हणाल्या. "आणि हे तर आजारी बदक! मला बसणारं माणूस पाहिजे."

ओवेन हळूच बाहेर येऊन कुजबुजला, "मारलीस ना थाप? आता निस्तर. अरे, मी तुझ्याकडेच बघत होतो. तू काहीच केलं नव्हतंस."

बार्नबीने बाहेरच्या दाराकडे पाहिलं. पण माशांचा वास आठवला तसा तो उठला. सामानाच्या खोलीतून धुळीने माखलेली एक वेताची खुर्ची ओढत आणली. बाजूला शेरी वाइनचा पेला आणि मिन्स पाय, म्हणजे नाताळची एक गोड करंजी, ठेवली. नाताळच्या रात्री सांताक्लॉजला ठेवतात, मग या न दिसणाऱ्या पाहुण्यांनाही ठेवायला काय हरकत?

"बाई, दिवे घालवा! मला अंधारात सुचतं."

हिवाळ्यामुळे बाहेर चारलाच काळोख पडला होता, आता आतही पडला. बूट वाजू नयेत म्हणून त्याने ते काढून बगलेत धरले. माइकवर तळहात ठेवला आणि पुटपुटला, "आजोबा असाल नाहीतर आजी... तेवढं एकदा बसा ना. माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे हो."

हात काढला. गारवा एकदम वाढला. मग लांब कोपऱ्यात कर्रर्र झालं. बार्नबीने मान वळवली. खुर्ची तर त्याच्या शेजारीच होती, आणि आता तिची बैठक हळूहळू खाली दबत होती. कर्रर्र... त्याच्या कानाशी कुणीतरी लांबलचक श्वास सोडला. श्वासाला ओल्या मातीचा वास होता.

"थांब, थांब!" भिंतीवरच्या स्पीकरमधून हेस्टरबाई वैतागल्या. "फारच नाटकी झालं. आणि तो श्वास? अगदीच खोटा! भूत कधी असा श्वास घेतं का? त्यापेक्षा टोपली बरी. तीच लावू."

बार्नबीचा जीव भांड्यात पडला. काम तरी वाचलं!

शेजारी पेला उलटल्याचा आवाज झाला. वेत झटक्याने कुरकुरला. कुणाचा तरी भलताच अपमान झाला होता. मग फरशीवर पावलं वाजली. ठाम, जड. काचेच्या खोलीकडे निघालेली.

"हां! ही बघ, ही खरी पावलं!" बाई उसळून म्हणाल्या. "ऐकलंस ओवेन? अंगावर काटा आला! बार्नबी, दरवर्षीचं काम तुझं. थांबू नकोस बाबा, अजून जवळ ये!"

बार्नबी नुसत्या मोज्यांवर जागच्या जागी उभा होता. बूट बगलेत.

अंधारात काचेच्या खोलीचं दार उघडलं.