भांड्याचे वजन वजा करून

बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि गणवेशाची बटणे व काजे यांच्यातला अबोला काही सुटत नव्हता.

ती वजनमापे निरीक्षक होती. तिची चाहूल लागताच बाजारातले तराजू खरे बोलू लागत. स्वतःचे वजन मात्र ती रोज सकाळी बाळाला कडेवर घेऊनच करी. खाली ठेवताच ते घर डोक्यावर घेई. त्यात अडचण कसली? भांड्यासकट माल तोलावा आणि भांड्याचे वजन वजा करावे, हा तर तिच्या नोकरीचा पहिला नियम. जन्माच्या दिवशीचे बाळाचे वजन तिला तोंडपाठ होते. रोज ती तेवढे वजा करी.

तिचे रोजचे चालणे सुरू झाले, गोड सुटले. काटा मात्र जुन्या दुःखासारखा एकाच जागी मुक्काम ठोकून होता.

"काटाच बिघडलाय," नवरा म्हणाला.

तिने कार्यालयातून प्रमाणित वजने मागवून काटा तपासला. तो निर्दोष निघाला. मग दोषी कोण, हे उघडच होते. तिने शिक्षा फर्मावली: रात्रीचे जेवण बंद.

"अंगावर पाजतेस आणि उपाशी झोपतेस?" सासूबाईंनी ताट पुढे सरकवले.

"आई, काटा खोटं बोलत नाही."

"काट्याला कुठे पाजायचंय?"

आठवड्याच्या आतच तिला जिन्यात घेरी आली. कठडा हाती लागला म्हणून निभावले. नवऱ्याने तिला आणि बाळाला तडक डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी आधी बाळ तोलले, ते नवऱ्याच्या हाती दिले आणि मग तिला एकटीला काट्यावर उभे केले.

"बाळानं छान बाळसं धरलंय. तुमचंही वजन हळूहळू, हवं तसंच उतरलंय. मग जेवण का सोडलंत?"

तिने आपला हिशेब सांगायला घेतला आणि अर्ध्यावरच तिचा आवाज विरला. इतके महिने वाढत होते ते भांडे.

"तुला शंका नाही आली?" तिने नवऱ्याला हळूच विचारले.

"आली होती," तो कुजबुजला. "पण वजनाच्या बाबतीत तुझ्यापुढे कोण तोंड उघडणार?"

"दोन्ही वेळा पोटभर जेवा, चालणं चालू ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण कामावरचे कपडे होत नाहीत."

"मग कपडे उसवून घ्या. तुम्ही स्वतःला कशाला उसवताय? नोकरी काय करता?"

तिने एकवार काट्याकडे पाहिले.

"शाळेत," ती शांतपणे म्हणाली, "चित्रकला शिकवते."