मष्णूअण्णाच्या विहिरीची बिअर

लग्नाच्या पंगतीत बसलेला माणूस पिशवीतून स्वतःच्या पाण्याची बाटली काढतो आणि वाढप्याला म्हणतो, "तुमचं पाणी नको गा, जड हाय," तेव्हा यजमानाला काय वाटत असेल, हे मी सांगू शकतो. कारण लग्न माझ्या मुलीचं होतं.

हा मष्णूअण्णा. माझा शेजारी. आमच्या आवारांमध्ये एक करवंदीचं कुंपण. पलीकडे त्याची विहीर, अलीकडे माझी. दोन्ही एकाच डोंगराच्या पायथ्याला, एकाच चिऱ्यात खोदलेल्या. तरी त्याचं पाणी हलकं आणि माझं जड. असं कोण म्हणतं? तोच म्हणतो!

जोयड्याला कचेरीत काम असलं तरी हा कॅन भरून घेऊन निघतो. बसमध्ये शेजारच्याला विचारतो, "तान लागली काय?" नसली तरी पाजतो आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसतो. "हलकं हाय न्हवं?" माणूस 'व्हय' म्हणेपर्यंत सुटका नाही. एकदा नंदिगड्ड्याला एका मयताला गेला, तर तिथं रडणाऱ्या बायकांना थांबवून पाणी दिलं. "घ्या, मग रडा." नंदिगड्ड्याची माणसं अजून त्या पाण्याची आठवण काढतात, मेलेल्याची कमी.

आता माझं दुखणं ऐका. मी उमेदीची वर्षं मडगावात एका बारमध्ये काढली. बिअर थंड किती असावी, फेस किती यावा, ग्लास तिरका कधी धरावा, सगळं मला ठाऊक. पण गावात सांगायचं कुणाला? आणि मग बेळगावची रेवती आली. बंगळुरात बिअर बनवायला शिकलेली. रामनगरच्या रस्त्याला बंद पडलेली भाताची गिरणी होती, तिथं तिनं छोटासा बिअरचा कारखाना घातला. मला तर हर्षच झाला! इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, फेसावर चांगलं तासभर बोललो. तिनं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाली, "तात्या, ते सगळं खरं. मला आधी पाणी बघायचंय."

तिला पिल्सनर करायची होती. फिकी, सोनेरी, जराशी कडवट बिअर. तिच्यात लपवायला काही नसतं, म्हणून पाणी फार हलकं लागतं. तिनं आम्हा दोघांच्या विहिरींचं पाणी तपासायला मागितलं. मी बाटली गरम पाण्यानं धुतली, भरली, रात्रभर देवापुढं ठेवली. मष्णूअण्णानं कॅनमधलं ओतून दिलं.

आठवड्यानं रेवती म्हणाली, "दोन्ही चालतील. पण अण्णांचं अंमळ बरं आहे."

अंमळ! त्या अंमळनं माझी झोप उडवली. जन्मात बिअरचा थेंब न चाखलेल्या माणसाचं पाणी बिअरला, आणि मी कुंपणाच्या अलीकडं!

त्यात ह्या गृहस्थानं अट घातली. पंप नको, पाइप नको. तिच्या माणसांनी रोज सकाळी यायचं, रहाटानं पाणी ओढायचं, कॅन भरून न्यायचे. काय ही मिजास! माणसं बिचारी घामाघूम होऊन पाणी ओढायची आणि हा कट्ट्यावर बसून पान जमवायचा, त्यांना चहा द्यायचा, गप्पा हाणायचा. पलीकडचं हसणं माझ्या न्याहारीत पडायचं. माझ्या दारात कुणी येऊन असं हसत नव्हतं.

पहिली पिल्सनर तयार झाली तेव्हा रेवतीनं दुपारी आसपासच्या सगळ्यांना बोलावलं. पहिला ग्लास मला मिळणार ह्यात मला शंका नव्हती. बायकोला तसं सांगूनही ठेवलं होतं. रेवती ग्लास घेऊन आली, माझ्यापुढून गेली आणि तो मष्णूअण्णाच्या हातात दिला.

तो ग्लास घेऊन बाहेर गेला. आमच्याकडं राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, दिल्याशिवाय कुणी घोट घेत नाही, हे बरोबर. पण थेंबभर द्यावं का निम्मा ग्लास? ह्यानं निम्मी बिअर मातीत ओतली. "घे बाबा. पाणी आपलंच हाय." मग आत येऊन उरलेली तोंडात घोळवली. रेवती त्याच्या तोंडाकडं बघत उभी.

"व्हय," तो म्हणाला. "आदी माझं पाणी लागतंय. मागनं तुझं कडू येतंय. चालतंय, पोरी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा हळू.

माझा ग्लास आला. मी उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला. काय सांगू! ताज्या भाजलेल्या धान्याचा वास, जिभेवर बारीक चुरचुर, आणि गिळल्यावर कोवळ्या मेथीचा कडूपणा. इतकी नितळ बिअर मी गोव्यातही चाखली नव्हती. आणि तिच्यात माझं पाणी नव्हतं. मी दुसरा ग्लास मागितला, रागानं.

तेवढ्यात रेवती मष्णूअण्णापाशी जाऊन बसली. "अण्णा, कुळगीकडच्या रिसॉर्टवाल्यांनी बिअर मागितलीय. आता कॅननं भागायचं नाही. पाइप टाकू द्या. नाहीतर मला तात्यांची विहीर घ्यावी लागेल."

माझ्या मनात लाडू फुटले! पाइप कुठून न्यायची, हे मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

"पाइप न्हाई," मष्णूअण्णा म्हणाला.

"पण का, अण्णा?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. त्याचा आवाज एवढा लहान होतो, हे मला माहीत नव्हतं.

"नळ आला तवा बी असंच झालं, पोरी. आदी निम्मा गाव माझ्या हिरीवर असायचा. बायका भांडायच्या, हसायच्या, आमच्या हिला हाका मारायच्या. नळ आला, आन् दुसऱ्या दिवशी कोण न्हाई. पाणी तेच, हीर तीच. पुढं ही गेली. पोरं तिकडं पुण्याला. आता सकाळी तुझी माणसं येत्यात. पाइप टाकलीस तर पाणी जाईल तुझ्याकडं. माझ्याकडं कोण यील?"

रेवती खाली बघत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि सगळ्यांनीच पाहिलं.

'घे की माझी विहीर' हे शब्द माझ्या ओठांवर होते. देवाशपथ होते. पण बाहेर आलं ते भलतंच.

"माझ्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहत नाही."

बायको दचकून माझ्याकडं बघायला लागली. आमची विहीर आजोबांच्या काळापासून आटलेली नाही. "तळ दिसतो, तळ," मी पुढं म्हणालो. खोटं बोलायचंच तर नीट बोलावं.

रेवती मष्णूअण्णाकडं वळली. "बरं. मग आणखी माणसं पाठवते, अण्णा. दोन वेळा येतील. चालेल?"

मष्णूअण्णाचा चेहरा उजळला. तो माझ्याकडं वळला. मला वाटलं, आता हात धरेल, चार शब्द चांगले बोलेल.

"ऐकलं काय गा सगळ्यांनी?" तो ओरडला. "तात्याची हीर आटती!"

ही बातमी त्यानं बसमध्ये सांगितली, चहाच्या टपरीवर सांगितली, जोयड्याच्या कचेरीत साहेबांना सांगितली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नुसता जळत होतो. आणि ऐन वैशाखात एक दिवस तो कुंपणापाशी आला.

"तात्या, लाजू नको. पाणी माझ्याकडनं ने. शेजारी कशाला हाय मग? सकाळी ये, सगळी असत्यात."

माझ्या विहिरीत हत्ती बुडेल एवढं पाणी आहे. तरी मी रोज सकाळी रिकामी घागर घेऊन त्याच्या रहाटापाशी उभा असतो. तो चहा देतो, मी घेतो.

काल तो अचानक माझ्या आवारात येताना दिसला. मी धावत सुटलो आणि तो पोचायच्या आत माझ्या विहिरीवर पत्रा ओढला.