साक्षीदाराचा रकाना

घशाशी आंबट आलं की माणसं पाण्याचा ग्लास शोधतात. गुणवंतभाऊ घड्याळ बघतात.

"एक चाळीस. जळजळ सात!" असं जाहीर करून ते वहीत लिहितात. औषध त्यानंतर.

गुणवंतभाऊ ऊर्जानगरातले माझे शेजारी, क्वार्टरात एकटेच. उभी नोकरी वीज केंद्राच्या बॉयलरवर गेली. दार अडेल एवढा देह होता. नागपूरला वजनाचं ऑपरेशन झालं, पोट कापून केळ्याएवढं केलं आणि भाऊ निम्मे झाले. पण जळजळ मागे लागली. "बॉयलर लहान केला, पर आग तेवढीच ठेवली गा त्याईनं!"

आगीवर औषधं दोन. एक दुकानात कुणालाही मिळणारी गुलाबी बाटली, दुसरी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेली कॅप्सूल. भाऊंनी दोघींची चाचणी लावली. दोन आठवडे ही, दोन आठवडे ती. वहीत पाच रकाने: वेळ, काय खाल्लं, कोणतं औषध, जळजळ दहापैकी किती आणि साक्षीदार.

"साक्षीदार काऊन, भाऊ?"

"प्लांटात दुसऱ्याची सही नसली तं रीडिंग धरत नाई. एकट्याचं रीडिंग म्हणजे गप्पा."

कधी त्यांच्याकडे डोकावलो तर मी सही ठोकायचो आणि निघायचो. वर काय लिहिलंय ते वाचतही नसे.

माझा पक्ष ठरलेला होता. युनियनची पत्रकं वाचत मी मोठा झालो. चिठ्ठीशिवाय मिळतं ते जनतेचं औषध, असं मी ठणकावलं. पत्रकाचा मथळाही तयार केला: 'जळजळीला चिठ्ठी कशाला?'

"भाषण नको देऊ, आकडा दे," भाऊ म्हणाले.

आकडे माझ्या बाजूने होते. गुलाबी बाटली दहा मिनिटांत सातावरून तीनावर आणायची. दोन तासांनी पुन्हा सात, ते मी मोजत नव्हतो. कॅप्सूल मात्र सरळ नापास.

भाऊंना घाई होती ती मूल गावच्या भाताची. तिथे त्यांची धाकटी बहीण शेवंताबाई राहते. नवं धान निघालं की पहिला भात ती दादाला वाढते आणि दादाचं ताट संपल्याशिवाय स्वतः जेवत नाही. मागच्या वर्षी भाऊ तिसऱ्या घासाला छाती धरून उठले. बाई त्या दिवशी उपाशी राहिली. "अवंदा ताटावरून उठलो तं तोंड दाखवणार नाई," भाऊ म्हणाले.

धान कापणीला आलं आणि जळजळ हलेना. शेवटी आम्ही वही घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी दोन पानं वाचली.

"कॅप्सूल जेवल्यावर घेता?"

"मंग? अख्खं प्लांट जेवल्यावरच गोळी घेते!"

"ही रिकाम्या पोटी घ्यायची. खाण्याच्या अर्धा तास आधी, रोज. चिठ्ठीवर लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. माझं रक्त उसळलं. भाऊंचे डोळे मात्र चमकले.

"म्हणजे हे आग विझवत नाई, कोळसाच कमी सोडते! आन् मी भट्टी पेटल्यावर घेऊन राह्यलो!"

पुढच्या आठवड्यात सातावरून चार, मग दोन. गुलाबी बाटली अचानक उडणाऱ्या ठिणगीपुरती उरली. मी पत्रक फाडलं आणि नवं लिहिलं: 'औषध कधी घ्यायचं ते मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा!' हे भाऊंनी स्वतः घरोघरी वाटलं.

मूलला मी साक्षीदार म्हणून गेलो. शेवंताबाईने मूठभर भात वाढला, वर साधं वरण. तिसऱ्या घासाला सगळं घर थांबलं. भाऊंनी चावला, गिळला, घड्याळ बघितलं. चौथा. पाचवा. ताट पुसून स्वच्छ केलं आणि वही उघडून गरजले, "जळजळ शून्य!"

"दादा, मले जेवू दे आता," शेवंताबाई डोळे पुसत हसली.

"आधी सही कर!"

तिने सही केली. तिच्या नवऱ्याने केली, सुनेने केली, ताक घेऊन आलेल्या शेजारणीनेही केली. रकाना पुरला नाही, सह्या समासात चढल्या. भाऊ ती वही धरून एखादी निवडणूक जिंकल्यासारखे अंगणभर फिरले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी पेंगले आणि वही माझ्या मांडीवर आली. मी पहिल्यांदाच मागची पानं नीट चाळली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. साक्षीदार: नाई. साक्षीदार: नाई. पानामागून पान. आठ-दहा दिवसांतून कुठेतरी माझी घाईची सही, आणि त्या सहीभोवती भाऊंनी पेन्सिलने काढलेली सुबक चौकट.

मागच्या तारखांवर सही करणं म्हणजे खोटा पुरावा, तो मी देणार नाही. मी उद्याचं पान उघडलं. रीडिंगच्या आधी सही करणं प्लांटात गुन्हा आहे.

तरी तिन्ही जेवणांसमोर, साक्षीदाराच्या रकान्यात, मी सही केली.