तोंडातल्या पिना

१९८३ सालची गोष्ट. त्या वर्षी राज्य सरकारने केस कापणारे, नखं रंगवणारे, मालिश करणारे अशा सगळ्यांना आरोग्य खात्याच्या एका छपराखाली आणलं आणि जाहीर केलं, की फार जुने परवाने आता चालणार नाहीत. अशांनी राजधानीत येऊन पुन्हा परीक्षा द्यावी. प्लॅट नदीकाठच्या एका लहान गावात असा परवाना एकीचाच होता, आल्विना कुबिकचा.

आल्विनाचं दुकान घराच्या बंद पडवीत होतं. गावातल्या निम्म्या बायका दर आठवड्याला आपलं डोकं तिच्या हवाली करत. केस धुवायचे, वळ्या घालून पिना लावायच्या, वाळवायचे आणि वर असा फवारा मारायचा, की पुढच्या आठवड्यापर्यंत वारासुद्धा त्यांना हलवू शकत नसे.

परीक्षेत हेच करून दाखवायचं होतं. पण नव्या नियमांत केस कसे दिसतात याला गुणच नव्हते. गुण फक्त स्वच्छतेला. पडलेला कंगवा पुन्हा वापरला, नापास. पिन तोंडात धरली, तिथल्या तिथे नापास. आणि आल्विना तर जन्मभर पिना ओठांत धरून, एकेक दातांनी उघडत आलेली.

"नापास झालीस तर गं?" अर्मा द्वोराचेकने विचारलं. अर्मा तिची सर्वांत जुनी गिऱ्हाईक. परीक्षेला एक जिवंत डोकं घेऊन जायचं होतं, ते अर्माचं ठरलं होतं.

"तर दुकान बंद. डोरीनने माझ्या केस वाळवायच्या खुर्च्या केवढ्याला देतेस म्हणून विचारूनही झालंय."

डोरीनने पेट्रोल पंपासमोर नवं पार्लर काढलं होतं. तिच्याकडे जाणं म्हणजे आल्विनाच्या लेखी धर्म बदलण्यासारखं होतं.

"परीक्षा सोमवारी आहे," आल्विना म्हणाली. "या शुक्रवारी तुझे केस करायचे नाहीत. तिथे साधे, मोकळे लागतात."

"आणि रविवारी चर्चला?"

"रुमाल बांध."

"बांधते," अर्मा लगेच म्हणाली. आल्विनाला तिथेच शंका यायला हवी होती.

शनिवार-रविवार आल्विना घराबाहेर पडली नाही. तोंडाला चिकटपट्टी लावून तिने फरशी पुसायच्या ओल्या, झुपकेदार पोछ्यावर सराव केला. दर पिनेला हात पट्टीवर जाऊन आपटे. चर्चला का आली नाहीस म्हणून पाद्रीबुवांचा फोन आला, त्यांनाही तिने पट्टीतूनच उत्तर दिलं.

सोमवारी अर्मा डोक्याला घट्ट रुमाल बांधून, मांडीवर खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचींचा डबा घेऊन गाडीत बसली. राजधानीतल्या त्या मोठ्या खोलीत बाकी सगळ्या नातींच्या वयाच्या पोरी. पांढऱ्या कोटातल्या परीक्षक लिंडक्विस्टबाई जवळ आल्या.

"रुमाल काढा."

अर्माने काढला. डोक्यावर एक भक्कम, चकचकीत घुमट उभा होता आणि कानांवर डोरीनच्या हातची ती बाहेर वळलेली टोकं.

"हे कुणी केलं?" आल्विना ओरडली.

"रागावू नकोस, आल्विना."

"कुणी केलं विचारलं मी!"

"अगं, चर्चला काय झिंज्या सोडून जाऊ? आणि इथे राजधानीत?"

"राजधानीत तुला ओळखतंय कोण?"

"म्हणून तर! पहिल्यांदाच बघणार ना मला!"

"धुवावे लागतील," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या. "वेळ वाढवून मिळणार नाही. सुरू करा."

आल्विनाने ते डोकं टबात दाबलं. "एवढी वर्षं मी तुझं डोकं सांभाळलं. तुझ्या लेकीच्या लग्नाला पहाटे उठले. फवारा आहे का डांबर?"

"हळू गं, दुखतंय."

"दुखू दे! तिच्याकडे दुखलं नाही वाटतं?"

"तिने कॉफी दिली."

"मी नाही देत कॉफी?"

"तुझी पाणचट असते."

मग तर आल्विनाच्या तोंडाला खळ राहिली नाही. धुताना, विंचरताना, वळ्या घालताना ती अर्माच्या सासरपर्यंत जाऊन आली. लिंडक्विस्टबाईंनी नियम चाळून पाहिले. बोलायला कुठे मनाई नव्हती.

घंटा झाली. अर्माचं डोकं भिजलेल्या गवताच्या गंजीसारखं दिसत होतं. आल्विनाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पिना तोंडात गेल्या होत्या का? तिला काही म्हणजे काही आठवेना.

"मिसेस कुबिक," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या, "मी तुमच्यावरून नजर हलवली नाही. एकही पिन ओठांना लागली नाही. लागणार कशी? तोंड मिटलंच नाही. पास."

शेजारच्या पोरीने सुरेख केस बसवले होते. कंगवा स्वतःच्या खिशात खोचला म्हणून ती नापास झाली.

परतीच्या वाटेवर अर्माने डबा उघडून पुढे केला. मग आल्विनाने डब्यातली एक कोलाची उचलली.

"मी मुद्दामच गेले होते डोरीनकडे," अर्मा म्हणाली. "चिडलीस की तुझं तोंड मिटत नाही, मला का ठाऊक नाही?"

"खोटारडी."

डोरीनला खुर्च्या मिळाल्या नाहीत. ती पुढे ओमाहा शहरात गेली आणि तिथे तिचं चांगलं चाललं. लिंडक्विस्टबाई निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर परीक्षेत जिवंत माणसं बंद होऊन प्लॅस्टिकची डोकी आली. "वेळेवर सुटले," आल्विना म्हणायची, "प्लॅस्टिकशी काय भांडणार?"

अर्मा आधी गेली. मुद्दामच गेले होते, हे तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. शवपेटीत ठेवण्याआधी तिचे केस आल्विनाने बसवले, अगदी शुक्रवारसारखे. त्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही. पिना तोंडात होत्या.